शेपटीतलं ओझं

विमान पडलं तेव्हा माझे दोन्ही हात एका बाळाच्या डोक्यापाशी गुंतलेले होते. त्यामुळे ते उडताना मी पाहिलं नाही, ऐकलं मात्र सगळं. कोरुम्बाच्या खोऱ्यात राहणाऱ्याला विमान बघावं लागत नाही. आधी धावपट्टीच्या वरच्या टोकाला गुरगुर, मग उतारावरून खाली येतानाचा चढता आवाज, आणि पट्टी संपून दरी सुरू झाली की तोच आवाज एकदम मोकळा होतो. त्या दिवशी तो मोकळा झाला नाही. ताणत गेला, ताणत गेला आणि तुटला. मग झाडं मोडल्याचं ऐकू आलं.

बाई कळा विसरून म्हणाली, "सिस्टर, विमान!"

"विमानाचं मी बघते. तू जोर लाव," मी म्हणाले.

बाळ आलं, रडलं. मी नाळ कापली, त्याला त्याच्या आजीच्या हातात दिलं आणि तशीच रक्ताळल्या हातांनी धावत सुटले. त्या विमानात माझा भाचा होता.

सिउने माझ्या धाकट्या बहिणीचा, वागाईचा, एकुलता एक मुलगा. नवरा गेल्यावर तिने त्याला कॉफीच्या झाडांवर वाढवला. आमच्या खोऱ्यातून गोरोका शहरातल्या शिक्षकांच्या कॉलेजात आजवर कोणी गेलं नव्हतं; हा पहिला. त्यामुळे तो नुसता वागाईचा राहिला नव्हता. खोऱ्यातली चारही कुळं त्याला आपला म्हणायला लागली होती. लहानपणी त्याचं नाक वाहायचं तेव्हा मात्र तो फक्त वागाईचा होता, हे मला चांगलं आठवतं.

पट्टीच्या खाली ओढ्याकाठी रताळ्यांचे वाफे आहेत, तिथे विमान उजव्या पंखावर पडलं होतं. नाकाची उजवी बाजू चेपली होती. शेपूट आख्खं होतं. सिउने वैमानिकाच्या शेजारी, उजवीकडे बसला होता. मी त्याची नाडी बघितली, कारण हातांना सवय असते. नाडी नव्हती. पायात मी दिलेले नवे बूट होते, आणि नाडी बघून झाल्यावर मी काय करावं, तर त्या बुटांवरची माती पुसली. मग उठले, कारण वैमानिक जिवंत होता.

कॅप्टन लेका समुद्रकाठचा माणूस. वर्षानुवर्षं तोच आमच्याकडे येतो, माझ्याकडे चहा पितो आणि आमच्या थंडीला शिव्या देतो. त्याची मांडी मोडली होती. मी फळ्या बांधत होते आणि तो माझं मनगट धरून एकच गोष्ट पुन्हापुन्हा सांगत होता.

"सिस्टर, नाक खाली येईना. दांडा मी पार पुढे रेटला होता. शेपूट जड होतं. सगळं तोललं होतं हो मी. पोराला तोललं, कॉफीची पोती तोलली. शेपूट रिकामं ठेवलं होतं."

"हलू नका," मी म्हणाले.

"रिकामं होतं, सिस्टर."

मी मागे गेले. मागचं दार उघडं पडलं होतं आणि त्यातून रताळी अजून एकेक करून घरंगळत होती. आत बिलुमींवर बिलुमी कोंबलेल्या. आमच्या बायका सुताच्या या झोळ्या स्वतः विणतात, आणि प्रत्येकीची नक्षी वेगळी. दुरून नक्षी बघून मी सांगू शकते कोण बाई चालली आहे. तिथे मला सगळं खोरं दिसलं. रताळी, अळूचे कांदे, केळफुलं, उसाचे तुकडे, खड्ड्यात भाजून पानांत बांधलेलं डुकराचं मांस. सगळ्यात आत, अगदी शेपटीच्या टोकाला, निळ्या-लाल चौकटींची एक बिलुम होती. ती नक्षी खोऱ्यात एकच बाई विणते. वागाई.

ती बिलुम मी बाहेर काढली. आत डुकराची आख्खी मांडी होती. खाली ओढा वाहत होता. कोणी बघत नव्हतं. एक फेक पुरली असती, आणि माझ्या बहिणीला जन्मात कळलं नसतं की तिनं पोराला काय बांधून दिलं. मी ती छातीशी धरून उभी राहिले. मग ती जिथली तिथे ठेवली. तेव्हा का ठेवली ते मलाही कळलं नव्हतं. संध्याकाळी कळलं.

आमच्या पट्टीवर काय चालतं ते सगळ्यांना माहीत आहे आणि कोणी बोलत नाही. देगे म्हणून विमान कंपनीचा माणूस आहे, तो काट्यावर सामान तोलतो, माणसंही तोलतो. मग कॅप्टन पट्टीवर चालत जातो, डुकरं हाकलतो, कुठे चिखल झालाय का बघतो. तेवढ्यात विमानाचं मागचं दार उघडतं. देगे त्या वेळी ढगांचा अभ्यास करतो. घरची माणसं पटापट आपापली भेट आत सारतात आणि दार लागतं. काट्यावर का ठेवत नाहीत? कारण आमच्यात भेट तोलत नाहीत. काट्यावर चढते कॉफी, ती व्यापाऱ्याला विकायची असते. निघालेल्या माणसाला दिलेलं रताळं तोललं, की देणाऱ्याची मान खाली गेली. आणि रिकाम्या हाताने पाठवलं तर त्याहून खाली.

एरवी एका घरची भेट असते. विमान कुरकुरत का होईना, उचलतं. या वेळी चार कुळं होती, आणि कोणालाच दुसऱ्यापेक्षा कमी द्यायचं नव्हतं.

संध्याकाळपर्यंत सिउनेला वागाईच्या घरात नेऊन ठेवला. बायकांनी अंगाला माती फासली, रडणं सुरू झालं. मीही रडले, माझाही तो होताच. पण रडता रडता माझे कान बाहेर पुरुषांकडे होते. सिउनेचा काका कुमुगा तिथे उभा होता. मोठा माणूस, डुकरं भरपूर, आवाज त्याहून भरपूर.

"पोरगं असंच नाही गेलं," तो म्हणत होता. "कोणीतरी चेटूक करून घेतलंय त्याला. पट्टीच्या कुंपणाशी कोण उभं होतं ते सांगा."

"बोल्कुन," कोणीतरी म्हणालं.

"हातात काय होतं तिच्या?"

"काही नाही."

"आख्ख्या खोऱ्यानं माझ्या पुतण्याला काही ना काही दिलं. आणि ही रिकाम्या हातांनी उभी राहून विमानाकडे टक लावून बघतेय. जळली असणार मनातून. अजून काय पाहिजे?"

बोल्कुन म्हातारी विधवा. लेक शेजारच्या गावात दिलेली, मुलगा नाही. अशा बाईचं नाव घ्यायला कोणाला भीती वाटत नाही. मी उठून बाहेर गेले.

"कुमुगा, कॅप्टननं मला सांगितलंय. शेपूट जड झालं होतं, म्हणून विमान पडलं."

वाटलं होतं, विषय संपेल. कुमुगा माझ्याकडे वळला आणि अक्षरशः खूष झाला.

"ऐकलंत? सिस्टर स्वतः सांगतेय! शेपूट जड होतं. मग शेपटीवर बसलं होतं कोण?"

लोक हुंकारले. मला तेव्हा कळलं की विमान कसं पडलं हे त्यांना नकोच होतं. त्यांना कोणी पाडलं ते हवं होतं. वागाईची बिलुम मी ओढ्यात का फेकली नाही तेही कळलं: 'कोणी'चं उत्तर त्या झोळ्यांतच होतं.

"उद्या पोराला पुरतो," कुमुगा म्हणाला. "मग तिला विचारतो."

विचारतो म्हणजे काय, ते आम्हा सगळ्यांना ठाऊक आहे. दोन वर्षांपूर्वी वरच्या खोऱ्यातली एक बाई अशीच विचारून झाल्यावर माझ्याकडे आणली होती. तापलेल्या लोखंडानं विचारलं होतं तिला. मी पट्ट्या बदलत आठवडाभर तिला जगवलं. त्यापुढे नाही जमलं. तिचे डोळे मी मिटले तेव्हाच ठरवलं होतं, माझ्या दारात अशी बाई पुन्हा आणू देणार नाही.

मी सरळ बोल्कुनच्या झोपडीत गेले, तिला उठवलं आणि दवाखान्यात बाळंतिणीच्या खोलीत नेऊन बसवलं. बाळाची आजी अजून तिथेच होती. आडदांड बाई, वाफे खणायची काठी तिच्या हातातून कधी सुटत नाही.

"दारात बसाल का?" मी विचारलं.

"नातू झालाय मला," ती म्हणाली. "तशीही झोप येणार नाहीये. येऊ दे कोण येतंय ते." आणि काठी आडवी टाकून बसली.

सकाळी ढग उठले तसं कॅप्टनला न्यायला हेलिकॉप्टर आलं. आलेल्या वैमानिकानं विचारलं, आणखी कोणी जखमी आहे का, एक जागा आहे. मी धावत आत गेले.

"काकू, उठा. तुम्ही जा. गोरोकाला पोलीस आहेत, चर्चवाले आहेत, कोणीतरी ठेवून घेईल."

बोल्कुन हलली नाही.

"आगाता, तुला डोकं आहे की नाही? ते म्हणतायत मी चेटकीण, हवेत उडून शेपटीवर बसले. आणि तू मला सगळ्यांच्या देखत हवेत उडवून पाठवणार?"

एवढ्यातही मला हसू फुटलं. तीही हसली, बोळकं उघडं करून. मग तिचा चेहरा उतरला.

"मी गेले की झालंच नक्की. मग माझ्या लेकीला धरतील, म्हणतील आईकडून शिकली. मी नाही जात. माझ्या पायांनी इथे राहते. तुला काय करायचं ते तू कर."

हेलिकॉप्टर उडायच्या आधी मी कॅप्टन लेकाशी बोलले. चौकशीला साहेब येतील, तो म्हणाला, सगळं बघतील, सगळं लिहितील. कधी, ते त्याच्या हातात नव्हतं. पायवाटेनं पोलीस यायला दोन दिवस लागतात, आणि सिउनेला दुपारी पुरायचा होता.

"मग मी आजच बघते," मी म्हणाले.

देगे पट्टीवरच्या छपराखाली बसला होता, मान गुडघ्यांत घालून.

"देगे, काल मागचं दार कोणी उघडलं?"

"वाऱ्यानं उघडलं असेल, सिस्टर."

"आणि डुकराची मांडी पण वाऱ्यानंच आत ठेवली?"

तो रडायला लागला. नोकरी जाईल, म्हणाला. मी म्हणाले, नोकरी जाईल हे खरं आहे, पण रडायला नंतर वेळ मिळेल, आता ऊठ आणि माझ्याबरोबर ओझी वाहा. तो उठला. वाईट माणूस नाही तो. फक्त सगळ्यांच्या मर्जीत राहायची हौस.

आम्ही दोघांनी शेपटीतलं सगळं काढलं. ओढ्यापासून वागाईच्या अंगणापर्यंत चढ आहे, आम्ही खेपांवर खेपा घातल्या. वाटेत लोक बघत होते आणि आपापली बिलुम दिसली की नजर फिरवत होते. वागाईची निळी-लाल बिलुम मी स्वतः उचलली. तीच तेवढी गाळावी, हे पुन्हा मनात आलं. पण एकीचं लपवलं असतं, तर बाकीच्यांना मी कुठल्या तोंडाने बोलावणार होते?

अंगणात सगळं खोरं जमलं होतं. सिउनेला घराबाहेर आणून लाकडी बाजेवर ठेवला होता, भोवती माती फासलेल्या बायका. वागाई त्याच्या डोक्याशी बसली होती आणि तिच्या घशातून आता आवाजही निघत नव्हता. मी अंगणातल्या सुरूच्या झाडाच्या फांदीला काटा अडकवला. मुलं तोलायचा माझा टांगता काटा, दवाखान्यातला. खाली आम्ही आणलेल्या सगळ्या बिलुमी ओळीनं मांडल्या.

रडणं थांबलं. कुमुगा पुढे आला.

"हे काय चालवलंयस?"

"तोलणार आहे."

"भेट तोलणार? मेलेल्या पोराची भेट? त्याच्या समोर?" तो लोकांकडे वळला. "बघा हो, ही शिकलेली बाई. आपण काय व्यापारी आहोत? सिउनेला आपण विकला?"

लोक चिडले. मला माहीत होतं चिडणार. मी काट्यावर हात ठेवला.

"या काट्यावर तुझी तीन मुलं तोलली मी, कुमुगा," मी म्हणाले. "इथे उभ्या असलेल्या प्रत्येकीचं मूल यात टांगलंय. तेव्हा मी ती विकली का? कोणाला विकली, सांगा. पोराला तोलतो ते त्याचं ठीक चाललंय का बघायला. आज हे तोलायचं ते सिउनेचं काय झालं ते बघायला. मूल तोलून कोणाची मान खाली जात नसेल, तर रताळ्यानं कशी जाईल?"

मागून एक बाई म्हणाली, "हे बरोबर आहे."

"गप्प बस गं," तिचा नवरा म्हणाला.

"तूच गप्प बस. तू कधी आला होतास पोराला तोलायला?"

दोन-तीन बायका तेवढ्यातही फिसकन हसल्या, मग त्यांना सिउने दिसला आणि त्यांनी तोंडावर हात घेतला. मला तेवढी फट पुरली.

"बायांनो, मी तुम्हालाच विचारते," मी म्हणाले. "पुरुषांना हे कळायचं नाही, त्यांनी जन्मात बिलुम कपाळावर घेतलेली नाही. भरलेली बिलुम कपाळावरून पाठीवर टाकून तुम्ही चढ चढताय. मागून कोणी न सांगता तिच्यात आणखी दगड टाकले, तर काय होईल?"

"मान मागे खेचेल," एक म्हणाली.

"मग?"

"मग काय, उताणी पडेन."

"विमानाचं तेच झालं. कॅप्टननं पुढचं ओझं मोजून घेतलं होतं. मागे काही नाही असं धरून तो निघाला. मागे हे होतं. विमानाची मान वर गेली ती खाली येईना."

बायकांच्या चेहऱ्यावरून मला दिसत होतं, त्यांना कळलं होतं. त्यांच्या माना आयुष्यभर हेच करत आल्या होत्या.

कुमुगा मात्र हटणारा नव्हता. "आम्ही नेहमीच देतो," तो म्हणाला. "माझा बाप गेला शहरात तेव्हा दिलं, पाद्री गेला तेव्हा दिलं. विमान कधी पडलं नाही. मग कालच का? सिउनेच का? कोणीतरी ओझं वाढवलं असणार. ते कोणी वाढवलं, ते सांग की!"

"तेच तर विचारायला आलेय," मी म्हणाले. "तुला कोण हवंय ना? मग हे बघ, इथे ओळीनं मांडलंय. प्रत्येक बिलुमीवर नक्षी आहे. मी कोणाचं नाव घेणार नाही. ज्यानं त्यानं यावं, आपली भेट उचलावी, काट्याला लावावी."

कोणी आलं नाही. चारही कुळांतली माणसं आपापल्या पायांकडे बघत उभी राहिली. देगेनं एक पाऊल टाकलं आणि मागे घेतलं. कुमुगाच्या ओठावर हसू यायला लागलं. मला वाटलं, हरले. आता हे सगळं इथेच पडून राहील, दुपारी सिउनेला पुरतील आणि मग ते दवाखान्याकडे चालू लागतील. दारात एक आजी आणि एक काठी आहे, आणि मी आहे. ठीक आहे, मी मनात म्हणाले, मग तिथे उभी राहीन.

तेव्हा वागाई उठली.

कालपासून ती पोराच्या डोक्यापासून हलली नव्हती. अंगावरची माती वाळून तडकली होती. ती ओळीपाशी आली, वाकली आणि निळी-लाल बिलुम उचलली. एका हाताने उचलेना, म्हणून दोन्ही हातांनी. मी मदतीला पुढे झाले तर तिनं कोपरानं मला बाजूला सारलं. काट्याच्या आकड्याला तिनं ती स्वतः लावली. फांदी करकरली.

"वाच," ती म्हणाली.

मी आकडा वाचला. सगळ्यांना ऐकू जाईल असा.

"हे मी दिलं," वागाई सगळ्यांना म्हणाली. आवाज बसलेला होता, पण अंगणात तेवढी शांतता होती. "सगळ्यांत आधी मी दिलं. मांडी आहे. कॉलेजात त्याला कोणी उपाशी ठेवू नये म्हणून. अगदी आत ढकलली, कोणाला दिसू नये म्हणून."

तिनं ती खाली ठेवली आणि माझ्याकडे बघितलं.

"तुला माहीत होतं, ही माझी आहे ते?"

खोटं बोलता आलं असतं. "हो. कालपासून," मी म्हणाले.

"आणि तरी आणलीस."

"तरी आणली."

मला वाटलं मारेल. मारलं असतं तर बरं झालं असतं. पण ती वळली आणि म्हणाली, "चला. पुढचं कोणाचं?"

मग बायका आल्या. एक आली, मग तिची जाऊ, मग समोरच्या कुळातली म्हातारी. प्रत्येक बाई आपली बिलुम लावी, मी आकडा वाची, ती म्हणे, "हे मी दिलं." कोणी रडत म्हणालं, कोणी कुजबुजत, आणि एकीला म्हणताच येईना तेव्हा शेजारणीनं तिचा हात धरला. देगे आला. त्याची बिलुमही नव्हती, उसाची मोळी होती. "हे मी दिलं," तो म्हणाला, "आणि दार मी उघडलं." बेरीज मी मोठ्यानं करत होते. दोन धडधाकट पुरुष शेपटीत बसवल्याइतकं वजन झालं, आणि ओळीत अजून एक गाठोडं उरलं होतं. केळीच्या पानांत बांधलेलं, वेलीनं घट्ट आवळलेलं अर्धं डुक्कर. अशी गाठ खोऱ्यात एकच माणूस मारतो.

"भाऊजी," वागाई म्हणाली, "तुमचं राहिलं."

कुमुगा जागचा हलला नाही. "मी मोठ्या मनानं दिलं," तो म्हणाला. "माझ्या पुतण्याला दिलं. त्यात काय—"

"मी कुठे म्हणते वाईट मनानं दिलं? मी तर आई आहे. उचला."

सगळं खोरं त्याच्याकडे बघत होतं. कालपासून त्यानं लोकांना 'कोण' शोधायला लावलं होतं, आता ते सगळे त्याच्यावर डोळे लावून होते. तो आला. एवढा मोठा माणूस, पण ते गाठोडं त्यानं छातीशी धरून हळूच उचललं. त्यानं ते काट्याला लावलं आणि काट्याचा काटा शेवटच्या आकड्याच्या पलीकडे जाऊन थांबला. माझ्याकडे त्यापुढे आकडे नव्हते. त्याचं तोंड लहान मुलासारखं वाकडं झालं.

"मला वाटलं," तो म्हणाला, "माझं सगळ्यांत मोठं असावं."

आणि तो रडायला लागला. त्याचा राग मला कालपासून इतका आला होता, की आता तो रडतोय हे मला बघवेना. मी काट्यावरून गाठोडं उतरवलं.

"बोल्कुनला आणा," वागाई म्हणाली.

क्षणभर कोणाला कळेना, आणा म्हणजे काय. मी स्वतः गेले. बाळाच्या आजीनं दार सोडायच्या आधी मला दोनदा विचारलं, खात्री आहे ना. मी म्हातारीला हाताला धरून आणलं. अंगणात शिरताना तिची मान ताठ होती. लोक बाजूला झाले. वागाई तिच्यासमोर उभी राहिली.

"तू माझ्या पोराला काही दिलं नाहीस," वागाई म्हणाली.

"नाही दिलं," बोल्कुन म्हणाली. "माझा वाफा डुकरांनी उकरला. देण्यासारखं घरात काही नव्हतं. लाज वाटली म्हणून कुंपणापलीकडे उभी राहिले. पण तो जाताना बघायचा होता मला."

कोणाच्या डुकरांनी, ते कोणी विचारलं नाही. कुमुगानं मान आणखी खाली घातली.

वागाईनं म्हातारीचा दंड धरला आणि तिला बाजेपाशी नेलं. आमच्यात मेलेल्याच्या डोक्याशी बसायचा मान सगळ्यांत जवळच्या माणसाचा असतो, आणि तिथे कालपासून वागाई बसली होती. तिथे तिनं बोल्कुनला बसवलं.

"ऐका सगळे," ती म्हणाली. "माझ्या पोराच्या शेपटीत जिनं काही ठेवलं नाही, ती त्याच्या डोक्याशी बसेल. आपण बाकीचे सगळे पायाशी. मीसुद्धा."

आणि ती खरंच सिउनेच्या पायाशी जाऊन बसली. बायका उठल्या आणि एकेक करून तिच्यामागे बसल्या. पुरुष आले. कुमुगा आला आणि सगळ्यांच्या मागे, मातीत बसला. बोल्कुननं सिउनेच्या कपाळावर हात ठेवला आणि रडणं सुरू केलं, आणि मग तिच्यामागून सगळं खोरं रडायला लागलं.

मी काट्यापाशी उभी होते. कुठे बसावं ते मला कळेना. डोक्याशीची जागा आता म्हातारीची होती, आणि पायाशी बसावं असं मी शेपटीत काही ठेवलं नव्हतं. माझे बूट त्याच्या पायांत होते आणि त्याच्यासकट तोलले गेले होते.

"आणि मी गं?" मी वागाईला विचारलं.

तिनं माझ्याकडे बघितलं नाही. "तू उभी राहा," ती म्हणाली. "अंगणाच्या तोंडाशी. अजून कोणाला या म्हातारीचं नाव घ्यायचं असेल तर त्याला आधी तू दिसली पाहिजेस."

मी जाऊन अंगणाच्या तोंडाशी उभी राहिले.